खंडेनवमीचं अपडेट

लॅबमध्ये एक स्पेक्ट्रोमीटर होता, त्याला जोडलेला एक डेस्कटॉप कॉम्प्युटर, आर्गॉन वायूचे दोन सिलिंडर, त्यातला एक चालू आणि एक राखीव, प्रमाणित नमुन्यांच्या अकरा चकत्या, दोन खुर्च्या, एक पंखा, आणि इंटरनेटची वायर एकही नाही. वायर आत यावी म्हणून कुणीतरी पूर्वी भिंतीला भोक पाडून ठेवलं होतं. तेजस्वीने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते एम-सीलने बुजवून टाकलं.

"उंदीर येतोय काय गं त्यातनं?" कारखान्याचा इलेक्ट्रिशियन नईम शिडी घेऊन चालला होता, तो दारात थांबला.

"उंदीर परवडला, नईमभाई. अपडेट येतंय."

"मग लिंबू-मिरची बांध की कॉम्प्युटरला. एम-सील कशाला फुकट घालवतीस?"

कारखाना शिरोलीच्या एमआयडीसीत होता, लोखंडाच्या ओतकामाचा. पंपांची आणि ट्रॅक्टरची अंगं, म्हणजे बाहेरचे सांगाडे, तिथे ओतली जात. भट्टीत लोखंड वितळलं की ओतण्याआधी त्यातलं चमचाभर तांब्याच्या साच्यात घालायचं, त्याची रुपयापेक्षा थोडी मोठी चकती होते. ती घासून मशीनवर ठेवायची आणि ठिणगी पाडायची. ठिणगीच्या उजेडावरून मशीन सांगतं, कार्बन किती, सिलिकॉन किती. आकडे बसले की तेजस्वी भट्टीकडे हात हलवायची, मग लोखंड ओतलं जायचं. माल गाडीत चढताना त्याच्या सर्टिफिकेटवर खाली सही तिची. एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली होती, आणि आपल्या सहीवर एक अख्खी गाडी पुण्याला जाते याचं तिला अजून नवल वाटायचं.

मशीन पंधरा वर्षांचं, परदेशी. ते चालवणारं सॉफ्टवेअर त्याच्याच वयाचं, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांनी हे मॉडेल कधीच सोडून दिलेलं. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम एका ठरावीक आवृत्तीच्या पुढे गेली की मशीन आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं बंद. मधला दुभाषी प्रोग्राम, ड्रायव्हर, नव्या आवृत्तीला ओळखायचाच नाही. म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने अपडेट होऊ नये याची जबाबदारी मालकांनी तोंडी, पण सगळ्यांसमोर तेजस्वीवर टाकली होती.

तिने ती मनावर घेतली. अपडेटची सर्व्हिस बंद केली. चार दिवसांनी पाहते तर ती परत चालू. शोधल्यावर कळलं की कॉम्प्युटरमध्ये दुसरी एक सर्व्हिस असते, तिचं काम एवढंच, झोपलेल्या पहिलीला उठवायचं. मग तिने सिस्टिमच्या धोरणांत जाऊन ‘विचारल्याशिवाय काही उतरवू नये’ असं ठरवून दिलं. अपडेट पुढे ढकलायची जी सोय असते ती पाच आठवड्यांनी संपते, म्हणून ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तारीख पुढे सरकवायची. हे सगळं करून तिचं मत झालं की या सगळ्या कड्या दाराला आतून लावलेल्या आहेत, कुणी आतूनच उघडल्या तर काय करणार? खरं कुलूप एकच. वायर नसणं.

हे तिने भट्टीवरच्या आकाराममामांना समजावून सांगितलं होतं. आकाराममामा कोडोलीचे, भट्टीचे मुख्य मिस्त्री. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून भट्टीपुढे उभे. तेजस्वीला पहिल्याच उन्हाळ्यात भट्टीपाशी चक्कर आली तेव्हा तिला उचलून सावलीत नेणारे तेच. "भट्टीकडं बघायचं न्हाय पोरी, भट्टीच्या बाजूला बघायचं," असं सांगून त्यांनी गुळाचा खडा आणि पाणी दिलं होतं. तेव्हापासून दुपारची भाकरी दोघं एकत्र खात. खर्डा मामांचा, दही तिचं. सँपलची चकती इतर कारखान्यांत कुणीही पोरगा आणून टाकतो. इथे मामा स्वतः चिमट्यात धरून आणायचे, तिच्यावर हीटचा, म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याचा, नंबर स्वतः ठोकायचे. "तुझ्या सहीच्या आधी माझा हात," असं म्हणायचे.

नवरात्रात तेजस्वीच्या घरी, पेठ वडगावला, घट बसतात. खंडेनवमीला तिने रजा घेतली. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, भट्टी, सगळं धुऊन-पुसून हळदकुंकू, झेंडूची माळ. लॅबच्या मशीनलाही हवीच. किल्ली तिने मामांकडे दिली.

"फुलं वाहा, कुंकू लावा. कॉम्प्युटर फक्त चालू करू नका, मामा."

"न्हाय गं. मी काय नवीन हाय व्हय?"

दसरा झाल्यावर ती आली, तर पडद्यावरचं चित्र बदललेलं. नेहमीच्या जागी नसलेली बटणं, कोपऱ्यात हवामान दाखवणारं ढगाचं चिन्ह. शिरोलीत अंशतः ढगाळ. ज्या कॉम्प्युटरला बाहेरच्या जगाचा वाराही लागू द्यायचा नव्हता, तो आता तिला हवा कशी आहे ते सांगत होता. तिने सॉफ्टवेअर उघडलं. मशीन सापडत नाही, असा निरोप आला.

मामा दारात उभे होते. चपला बाहेर काढून आत आले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"पोरी, माझ्याकडनं चूक झाली."

"काय केलं मामा?"

"बंद पडद्याला कुंकू कसं लावायचं सांग. डोळं मिटलेल्या देवाची पूजा करत्यात व्हय? म्हणून चालू केला. मग पोरं म्हणाली, अंबाबाईची आरती मोठ्या पडद्यावर लावूया. माझ्या फोनला केबल लावली, नेट दिलं. नातवानं शिकवलंय मला ते. आरती निम्म्यावर आली आन् पडद्यावर इंग्रजीत चौकट आली, देवीच्या तोंडावरच. ती घालवायला जे बटण दिसलं ते दाबलं. आन् बंद करताना ते बंदच हुईना. गोल गोल फिरतंय नुसतं."

तिने ठरवून दिलं होतं, तसंच कॉम्प्युटरने विचारलं होतं. नाही म्हणायला ती तिथे नव्हती, एवढंच.

"मालकाला सांगू नगंस, पोरी." मामांचे डोळे भरून आले. "रिटायर व्हायला दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी. ह्या वयात कॉम्प्युटर बिघडवला म्हणून शिव्या खायला लावू नगंस."

ती कॉम्प्युटरपुढे बसली. जुना ड्रायव्हर तिने पेन ड्राइव्हवर जपून ठेवला होता. नवी आवृत्ती तो घेईना, तेव्हा कंपनीची डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर स्वीकारायची मुभा तिने सिस्टिमला दिली आणि तो बसवला. मशीन बोलायला लागलं. मग तिने अकराच्या अकरा प्रमाणित, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेल्या, चकत्या एकामागून एक ठेवल्या. अकराही आकडे जुळले. तेव्हा कुठे ती पाणी प्यायली.

"झालं, मामा. अपडेटनं ड्रायव्हर खाल्ला होता, परत बसवलाय. काळजी करू नका."

"म्हंजे न्हाय बसवला असतास तर आकडं चुकलं असतं?"

"नीट बसला नसता तर चुकूही शकले असते."

"असं हाय व्हय," मामा म्हणाले.

मालकांना तिने सांगितलं नाही. अपडेट झालं, दुरुस्त झालं, तपासलं, कुणाचं काही बिघडलं नाही, असा तिचा हिशेब होता. त्याच दिवशी दुपारी पहिली हीट निघाली. मामांनी चकती आणली. सिलिकॉन २.१४ टक्के. दोन ते अडीचच्या मधे हवं होतं, छान आत बसत होतं. तिने हात हलवला. संध्याकाळी सही केली.

पुढच्या आठवड्यात माल परत आला.

गाडी गेटातून आत घेताना मालक विजयसिंह स्वतः उभे होते. पुण्याच्या कंपनीने सगळी अंगं नाकारली होती. भोक पाडायला घेतलं की ड्रिल मोडायचं, लोखंड काचेसारखं कडक झालेलं. त्यांच्या लॅबने सिलिकॉन काढलं, ते १.६२ आलं. सिलिकॉन कमी पडलं की लोखंड असंच कडक होतं, हे तेजस्वीला पुस्तकातूनही माहीत होतं आणि मामांकडूनही.

विजयसिंह दोन्ही कागद हातात घेऊन लॅबमध्ये आले. मागोमाग मामा, नईम आणि भट्टीवरचे चौघं कामगार.

"हे बघ तेजस्वी. तुझं सर्टिफिकेट म्हणतंय दोन पॉइंट चौदा. त्यांचं म्हणतंय एक पॉइंट बासष्ट. आता दोघांत खोटं कोण बोलतंय तेवढं मला सांग. मी फोनवर त्यांच्या शिव्या ऐकून आलोय, मला लई पाल्हाळ नको."

"साहेब, मशीन बरोबर आहे. मी रोज सकाळी..."

"मालक, येक सांगू का?" आकाराममामा मधेच म्हणाले. आवाज खाली, अगदी घरच्या माणसाचा. "सांगणार न्हवतो. पोरीचं वाईट हुईल म्हणून गप्प बसलतो. पर आता गाडीच परत आली म्हटल्यावर... खंडेनवमीला हा कॉम्प्युटर अपडेट झालाय. तिनंच मला सांगितलंतं. मशीन बंद पडलंतं, काय काय करून चालू केलंय, आकडं चुकू शकतात म्हणाली. आन् मालकाला सांगू नगा, म्हणाली."

तेजस्वीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वाक्यं सगळी ओळखीची होती. शेवटचं तर जसंच्या तसं होतं, फक्त तोंड बदललं होतं. तिने मामांकडे पाहिलं. ते सिलिंडरवरच्या काट्याकडे बघत होते, जणू आर्गॉन किती उरलाय याचीच त्यांना काळजी.

"हे खरं हाय काय?" विजयसिंहांनी विचारलं.

"अपडेट झालं, हे खरं आहे."

"आणि मला का सांगितलं न्हाईस? ह्या एका गोष्टीसाठी तुला हितं बसवलीय न्हवं? अपडेट हुऊ द्यायचं न्हाय. एवढी एकच गोष्ट!"

"पूजेच्या दिवशी मामांनी फोन जोडला होता, साहेब. आरती लावायला. मी रजेवर होते."

"मी?" मामा हसले, वाईट न वाटलेल्या माणसासारखे. "मला नेट जोडाय येतंय व्हय मालक? मला फोन आला तर उचलाय सापडत न्हाय."

विजयसिंहांनी भट्टीवरच्या चौघांकडे पाहिलं. चौघंही पूजेला होते. चौघंही मामांच्या हाताखाली तयार झालेले. एकाने मान खाजवली. एक म्हणाला, "आम्ही भायेरच्या बाजूला हुतो, मालक."

"देवीची आरती चाललेली आणि सगळी भायेर हुता?" नईम म्हणाला. "मग आत काय देवी एकटीच हुती?"

"नईम, तू गप. तू तरी हुतास काय पूजेला?"

"न्हवतो, मालक."

"मग झालं." विजयसिंहांनी कागदांची घडी घातली. "उद्या इंजिनियर बोलवतो. तो कॉम्प्युटर हुता तसा जुना करून दील. तवर हिची सही कुठल्या सर्टिफिकेटवर नको. पुण्याला लिहून टाकतो, आमच्या लॅबचं मशीन बिघडलंतं."

ते गेले. जाताना नईमने दाराशी टेकवलेली शिडी उचलली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "एम-सील भिंतीला लावलंस, पोरी. माणसांना लावायचं ऱ्हायलं."

दुपारच्या सुट्टीत मामा डबा घेऊन आले. नेहमीसारखे. खुर्ची ओढून बसले, भाकरी सोडली, खर्डा तिच्याकडे सरकवला. तिने हात लावला नाही.

"रागावलीस."

तिने खुर्ची पडद्याकडे वळवली.

"आगं, कॉम्प्युटरचं चुकलं म्हण की. तुझं चुकलं असं कुणी म्हणतंय का? कॉम्प्युटरला काय घरदार हाय, का त्याला पोरीचं लगीन करायचंय? मालक चार दिस ओरडतील, गप बसतील. मशीनवर घातलं की कुणाचंच नाव जात न्हाय."

"माझं जातंय, मामा. ‘आकडं चुकू शकतात म्हणाली.’ उद्या दुसरीकडे गेले तर हेच विचारतील."

"तू शिकलेली हाईस. जयसिंगपूरला मिळंल, सांगलीला मिळंल. मला ह्या वयात कोण उभं करतंय?"

तिच्या डोक्यात तोपर्यंत एकच प्रश्न फिरत होता. मशीन खरंच चुकलं का? सकाळपासून तिने तो उलटासुलटा करून पाहिला होता. ड्रायव्हर फक्त आकडे इकडून तिकडे नेतो, बदलत नाही. अकरा नमुने जुळवून एखादा ड्रायव्हर बाराव्यालाच खोटं बोलेल? आता समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ‘मला कोण उभं करतंय’ ऐकल्यावर तिला पहिल्यांदा दुसरा प्रश्न सुचला.

"मामा, तुम्ही आणलेली चकती त्याच हीटची होती का?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो खाल्ला नाही, हातातच ठेवला.

"दसऱ्यामुळं सिलिकॉनची गाडी आली न्हवती, पोरी," ते म्हणाले. "मालक म्हणत हुते, आजच हीट पायजे. भट्टी थंड करून उभी ठेवली तर काय म्हणाले असते? वाटलं, थोडं कमी पडंल, चालून जाईल. आजवर चाललंय."

म्हणजे भट्टीत सिलिकॉन कमी होतं. तिच्यापुढे ठेवलेली चकती दसऱ्याआधीच्या कुठल्यातरी चांगल्या हीटची होती आणि तिच्यावर नवा नंबर ठोकलेला होता. तेजस्वीला ‘असं हाय व्हय’ आठवलं. त्या वेळी तिला वाटलं होतं की मामा समजून घेतायत. ते खरंच समजून घेत होते.

तिला राग येईल असं वाटलं होतं. आलं ते वेगळंच. गुळाचा खडा आठवला, चिमट्यात धरलेल्या सगळ्या चकत्या आठवल्या, आणि त्यातल्या आणखी किती अशा असतील हा हिशेब सुरू झाला. तो थांबेना. दोन वर्षांच्या सगळ्या सह्या एकदम सैल झाल्यासारख्या वाटल्या.

"तुम्ही सांगितलं असतं तर मी हीट थांबवली असती," ती म्हणाली. "मालकांच्या शिव्या मी खाल्ल्या असत्या. तुमच्यासाठी अपडेटच्या खाल्ल्याच की."

मामांनी डबा बांधला. "मी काय तुझ्या वाईटावर न्हाय," असं म्हणून ते उठले.

ती सरळ विजयसिंहांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, इंजिनियरला बोलवू नका. म्हणजे आज नको. त्यानं कॉम्प्युटरला हात लावला तर नंतर काहीच सिद्ध होणार नाही. त्या दिवशी मशीन जसं होतं तसंच आत्ता आहे, तोच ड्रायव्हर, तीच आवृत्ती. परत आलेल्या मालातला एक तुकडा कापून द्या. तुमच्यासमोर तपासते."

"त्यानं काय हुणार?"

"त्या हीटची चकती माझ्या खणात आहे. आधी ती ठेवते, मग तुकडा. दोन्ही एकाच लोखंडाचे म्हणून दिलेले आहेत. मशीन बिघडलेलं असेल तर दोघांना सारखंच चुकवेल, दोन्हीकडे दोन पॉइंट चौदाच्या आसपासच येईल. एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं, असं मशीनला जमत नाही."

विजयसिंहांनी दोन्ही कागदांची घडी परत उघडली. "आणि वेगळं आलं तर?"

"तर दोन्ही एका भट्टीतलं लोखंड नाही."

"तुला कळतंय न्हवं, तू कुणाबद्दल बोलतीयास? माझ्या वडलांच्या, आबांच्या वेळचा माणूस हाय तो."

"मी लोखंडाबद्दल बोलतेय, साहेब."

नईमने परत आलेल्या एका अंगाचा कोपरा कापून आणला. आतली कड पांढरी चमकत होती. तेजस्वीने तो ग्राइंडरवर सपाट घासला. ती मालकांना म्हणाली की अशा तुकड्यावर कार्बनचा आकडा भरवशाचा येत नाही, तो धरू नका, सिलिकॉनचा धरा. विजयसिंह खुर्चीवर बसले होते. मामांना त्यांनीच बोलावलं होतं. ते आत आले नाहीत. चपला न काढता उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.

आधी तिने प्रमाणित चकती ठेवली. तिच्या प्रमाणपत्रावर सिलिकॉन २.०८ होतं. मशीनने २.०७ दाखवलं. विजयसिंहांनी प्रमाणपत्र स्वतः हातात घेऊन बघितलं.

मग हीटची चकती, खणातली, मामांनी नंबर ठोकलेली. ठिणगी पडली, आर्गॉन फुसफुसला. २.१४.

"चौदाच," विजयसिंह म्हणाले.

तिने चकती उचलली आणि तुकडा ठेवला. दाबणीचा दांडा खाली केला.

"पोरी," दारातून आवाज आला.

तिचं बोट बटणावर होतं. ती वळली नाही. मामा पुढे काही बोलतील म्हणून ती थांबली. नईम थांबला. मालकही थांबले. मामा बोलले नाहीत.

तिने बटण दाबलं. तुकड्याची जागा बदलून पुन्हा दाबलं, आणि पुन्हा एकदा. तीन ठिणग्यांचे तीन आकडे पडद्यावर एकाखाली एक आले, १.६०, १.६२, १.६१, आणि त्यांच्या खाली मशीनने सरासरी दिली.

सिलिकॉन, १.६१ टक्के.